मिठाच्या पाण्यात तुमचं ब्रिक्स मीटर

अण्णा, तुमच्या द्राक्षबागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल मी उचलून आणले आणि त्यांच्यावर समुद्र ठेवला. खरंच सांगते. मंचरच्या घरात, हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला तीन फुटी काचेची टाकी आहे, तिच्यात खारं पाणी, खडक, दोन केशरी पट्ट्यांचे मासे आणि खडकाला चिकटलेली प्रवाळं. तुम्ही असता तर आधी चूळ भरल्यासारखं थुंकला असता आणि मग म्हणाला असता, "पाण्याचं सोंग कशाला पायजे घरात? इहीर काय आटली व्हती का?" तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी मी काही नवीन केलं की तुमचं हे असलं बोलणं आधी ऐकू येतं आणि मग माझ्या मनात काय आहे ते कळतं. आज रविवार आहे. हे कामावर गेलेत, पोरगी क्लासला गेलीये, टाकीचा पंप घुंघुं करतोय आणि मी कचेरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर तुम्हाला लिहितेय. तुम्हाला काही सांगायची मला हौस नव्हती. पण झालंय असं की दुसऱ्या कुणाला हे कळणारच नाही.

बाग तर गेली. तुमच्या लाडक्या लेकाने, माझ्या भावाने, दोन वर्षांमागे वेली मुळासकट काढल्या आणि टोमॅटो लावला. मांडवाचं लोखंड बांधावर ढीग मारून पडलं होतं, त्यातले बरे अकरा अँगल मी मागून घेतले. भाऊ हसला, म्हणाला, "ताई, भंगार कशाला नेतीस?" पण आमच्या ह्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, ह्यांनी एकेक अँगल उचलून, ठोकून पाहिला. "लोखंड जुनं हाय, पण जाड हाय. मातीत गाडलेलं बूड कापून टाकलं की झालं." तुम्ही ह्यांना कधी जावई म्हणून धड हाक मारली नाहीत. लोणीचा वेल्डर, एवढंच तुमच्या लेखी. त्या वेल्डरने तुमचं लोखंड घासून चकचकीत केलं, लाल प्रायमर मारला, वर दोन हात काळा रंग दिला, कारण खारं पाणी लोखंडाला खातं. एका अँगलवर तुम्ही पांढऱ्या रंगाने काढलेला सातचा आकडा होता, सातव्या ओळीचा. हे त्यावर ग्राइंडर धरणार तेवढ्यात मी म्हटलं, "तो राहू द्या." ह्यांनी काही विचारलं नाही. ह्यांना विचारायची सवय नाही, आणि म्हणूनच मी ह्यांच्याजवळ टिकले.

स्टँड करायला आठ दिवस गेले. टाकी, पाणी, खडक धरून साडेतीनशे किलोच्या वर वजन, आणि आपल्याकडच्या फरशीला पाणी निघून जायला दाराकडे उतार. पोरीने मोबाईलवर बघून सांगितलं, टाकी केसभर जरी कलली तरी काचेवर ताण येतो. मग ह्यांनी गवंड्यासारखी पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक पोरीच्या हातात, एक माझ्या, आणि हे मधे बसून "वर घे, खाली घे" करत होते. चारी पायांच्या तळाला नट वेल्ड करून त्यात बोल्ट बसवले, ते फिरवून फिरवून पाणी सारख्या रेघेला आणलं. वर जाड प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. पोरगी इतकी खूश होती की तिने स्टँडला हात लावून नमस्कार केला. ती बारावीला होती, आणि गेली दोन वर्षं तिचं एकच चाललं होतं: रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाला जायचं. जुन्नर-आंबेगावात जन्मलेल्या पोरीने समुद्र पाहिला किती वेळा, तर एकदा, शाळेच्या सहलीत. पण तिथे तिने खडकावरच्या डबक्यात अर्धा तास वाकून काहीतरी पाहिलं म्हणे, आणि ते डोक्यातून गेलंच नाही. मी म्हटलं, आधी घरात एक टाकी सांभाळून दाखव, मग बघू. म्हणजे परीक्षाच घेतली मी तिची. तुमचीच पोरगी ना मी.

तुमचं ब्रिक्स मीटर आठवतंय ना? ते वीतभर लांबीचं, दुर्बिणीसारखं. मण्याचा रस एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत निळ्या-पांढऱ्याची रेघ किती साखर ते दाखवते. अठरा आली की माल तोडायला तयार. ते सदा तुमच्या खिशात असायचं, सुतळी बांधून, आणि तुम्ही माणसंसुद्धा त्याच मापाने मोजायचात. भाऊ वीस. आई चौदा, "तेबी जुन्या काळातली म्हून." मी आठ. "आठ ब्रिक्स, आंबट ढाण," असं म्हणून तुम्ही पाहुण्यांसमोर माझी ओळख करून द्यायचात. मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा तुम्ही त्या लोकांना काय म्हणालात? "पोरगी बाराच्या वर न्हाई पावणं, पन तुमाला घाई आसंल तर तोडून न्या." ते हसले. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. लोक हसले की तुम्हाला वाटायचं आपण लई भारी बोललो.

आणि सातवी ओळ. मी चौदा वर्षांची. ऑक्टोबर छाटणी झालेली, घड सुटलेले, आण्याच्या पठारावरून आलेल्या बायका मगात औषध घेऊन एकेक घड बुडवत चाललेल्या. तुम्ही मला पाठीवरचा पंप भरून आणायला सांगितलं. मी भरला. तुम्ही सांगितलं तेवढंच औषध, तेवढंच पाणी, काठीने ढवळून. फवारा तुम्हीच मारलात, सातव्या ओळीपासून. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंडे वाकडे व्हायला लागले. पानं पंख्यासारखी चुण्या पडून आकसली, कोवळे घड वळून वाळले. चार ओळी गेल्या. तुम्ही मला दंडाला धरून घरातून ओढत आणलंत, त्या सगळ्या बायकांच्या मधे उभं केलंत. माझ्या फ्रॉकची बाही उसवली होती, ते मला अजून आठवतं, कारण मी मार खाताना तीच दुसऱ्या हाताने धरून ठेवली होती. एक कानाखाली, मग दुसरी. त्याचं काही नाही, मार सगळेच बाप द्यायचे. पण मग तुम्ही माझे दोन्ही हात मनगटाला धरून वर केलेत, चोराचे करतात तसे, आणि बायकांना म्हणालात, "बघून ठिवा. हिच्या हाताला गुण न्हाई. जितं हात घालंल तितं मरण. हिला बागंत पाय ठिवू देऊ नका." एक म्हातारी बाई म्हणाली, "आवं, ल्येकरू हाय." तुम्ही तिला म्हणालात, "मग तू घिऊन जा."

हातगुण म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं, अण्णा. त्या दिवसानंतर आईने मला मेथीचा वाफासुद्धा लावू दिला नाही. चुलत बहिणीच्या हळदीला मी पुढे झाले तर चुलतीने हळूच ताट दुसरीकडे सरकवलं. लोणचं घालताना फोडींना हात लावायचा नाही. मी नुसती बघत बसायची. सासरी आले तरी मी तुळस लावली नाही, ह्यांनी लावली. पोरगी झाली तेव्हा पहिले चार दिवस तिला उचलायला मी घाबरत होते आणि नर्सबाईंना वाटलं टाके दुखतायत. काय सांगणार, की माझ्या हाताला मरण आहे असं माझ्या बापाने जाहीर केलंय म्हणून?

तुमच्या दहाव्यानंतर मी आणि आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. आई ताट पुसता पुसता म्हणाली, अगदी सहज, की सातव्या ओळीच्या फवाऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच पंपाने तुम्हीच बांधावर तणनाशक मारलं होतं, आणि पंप धुवायचा राहिला होता. "तुला मारल्याच्या दुसऱ्याच दिशी ध्यानात आलं व्हतं त्यांच्या. मला म्हनले, पंप माझाच ऱ्हायला गं." माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. म्हटलं, मग बोलले का नाहीत? आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेडं विचारलं. "बापानं पोरीची माफी मागायची आसती व्हय?" मी आईवर ओरडले, इतकी की बाहेरचे पाहुणे आत आले. दुसऱ्याच दिवशी! एक दिवस लागला तुम्हाला कळायला, आणि मग वीस वर्षं तुम्ही माझे हात बघत राहिलात.

तरी मी तुमचं ब्रिक्स मीटर जपलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही उशाखालून ते काढलंत आणि मला दिलंत. "ठिव तुला." भावाला नाही, मला. मला वाटलं, हीच ती. हीच माफी, तुम्हाला तोंडाने जमली नाही म्हणून हाताने दिलीत. भावाने आधीच आकडे दाखवणारं नवीन यंत्र आणलं होतं आणि तुमचं त्याला नको होतं, हे मला नंतर कळलं, पण ते मी मनावर घेतलं नाही. मी त्याला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. माझ्याकडे तुमची तेवढी एकच चांगली वस्तू.

टाकीत पाणी भरायच्या दिवशी मी ते बाहेर काढलं. विहिरीचं पाणी चालत नाही, त्यात खतं उतरलेली, म्हणून पोरगी फिल्टरच्या पाण्याचे कॅन भरत होती आणि त्यात समुद्राचं मीठ ढवळत होती. तिच्या पुस्तकात होतं, लिटरला पस्तीस ग्रॅम खारटपणा हवा. मी म्हटलं, पस्तीस म्हणजे शंभराला साडेतीन, आपल्याकडे मापायला यंत्र आहे. थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. साडेतीनवर रेघ आली तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. तुमचं यंत्र माझ्या हातात आणि ते बरोबर बोलतंय! पोरीकडे प्लॅस्टिकचं, काट्याचं एक मीटर होतं, पार्सलने आलेलं. ती म्हणाली, "मम्मी, हे तर मीठ कमी दाखवतंय." मी म्हटलं, "ते खेळणं आहे. हे तुझ्या आजोबांचं आहे, ह्याच्यावर चाळीस वर्षं माल गेलाय." ती परत म्हणाली, "पण मम्मी, ते द्राक्षाचं ना?" आणि मी तिला म्हटलं, "शहाणपणा करू नकोस. साडेतीनला रेघ आली की बस." दर आठवड्याला ती पाणी बदलायची, मी मोजायची. मीठ ती घालायची, हुकूम माझा.

महिनाभर नुसता खडक आणि पाणी, मग मासे, मग एक लाल झिंगा, मग प्रवाळं. समुद्रातून तोडलेली नव्हेत, टाकीतच वाढवलेली, तशा दाखल्याच्या कागदासकट आणलेली. पोरीने हात तीनतीनदा धुवून एकेक खडकाला चिकटवली. पहिले दोन दिवस ती उघडली, हिरवी, जांभळी, मग मिटली ती मिटलीच. झिंगा उलटा पडलेला सापडला. प्रवाळं कडेने विरघळायला लागली, पाण्याला वास सुटला. मासे तेवढे जसेच्या तसे, त्या सगळ्या मरणावरून खुशाल फिरतायत. त्याच दुपारी पोरीच्या तीन मैत्रिणी टाकी बघायला आल्या. हे पण घरी होते. कुणीतरी नाकाला रुमाल लावला, आणि पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "मी सांगत होते, मीठ कमी आहे. मम्मीनं ऐकलंच नाही. म्हणे आजोबांचं मीटर."

अण्णा, माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "मीटरला दोष देऊ नकोस. तुझ्या हातालाच गुण न्हाई. जिथं हात घालशील तिथं मरण." मी कचेरीत बोलते तशी शुद्ध बोलणारी बाई, पण ते 'न्हाई' तुमचं आलं, जसंच्या तसं. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पोरीने आपले हात उलटे करून पाहिले, मग सुलटे. मी तशीच पाहायची. ते बघूनही मी थांबले नाही, हे लिहून ठेवते. मी पुढे म्हटलं, "आणि चाललीस म्हणे रत्नागिरीला." मैत्रिणी चपला घालून निघून गेल्या.

पंधरा दिवसांपूर्वी, अशाच एका रविवारी घरात कुणी नसताना, मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. मिठाच्या बादलीवर लिहिलंय, एका लिटरला किती ग्रॅम घातलं की पस्तीस होतं ते. मी तेवढंच मोजून घातलं, विरघळवलं आणि तुमच्या मीटरवर थेंब टाकला. रेघ साडेचारवर. काच पुसली, परत टाकला. साडेचार. तिसऱ्यांदा पण तेच. मग पोरीचं प्लॅस्टिकचं खेळणं त्या पाण्यात बुडवलं, तर काटा बरोबर हिरव्या पट्ट्यात उभा. तुमचं मीटर खोटं नाही, अण्णा. साखरेचं ते आजही खरंच सांगेल. त्याला मीठ कळत नाही, एवढंच. साडेतीनच्या रेघेला मी ते पाणी आठ आठवडे अळणी ठेवलं, आणि त्यात पोरीची प्रवाळं मेली. ओट्यापाशी उभी राहून मी मोठ्याने "अरे देवा" म्हटलं, आणि पाठोपाठ पहिला विचार काय आला असेल? वजनकाटा पुसून जागेवर ठेवायला हवा.

ठेवला. पाणी मोरीत ओतलं. त्याच दिवसापासून मी टाकीचं मीठ वाढवतेय, कुणाला न सांगता, रोज थोडं थोडं. पोरगी आता टाकीजवळ येत नाही. जेवताना ती ह्यांना म्हणाली, "पप्पा, बीकॉमचाच फॉर्म भरा." हे माझ्याकडे बघत राहिले. मत्स्यविज्ञानाच्या फॉर्मची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे, भरलेला फॉर्म हॉलमधल्या तिच्या टेबलावर तसाच पडलाय, फक्त पाठवायचा राहिलाय. एक वाक्य बोलायचं आहे मला. पंप माझाच राहिला गं. चार शब्द. आईच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, एवढंसं बोलायला माणसाचं काय जातं? जातं, अण्णा. लई जातं. घास तोंडात घेऊन मी तिच्यासमोर बसते आणि ते शब्द गिळते, आणि मग भाजीला मीठ कमी आहे म्हणून ह्यांच्यावर चिडते.

आज सकाळी खडकाच्या मागच्या अंगाला, मेलं म्हणून सोडून दिलेलं एक प्रवाळ उघडलं. रुपयाएवढं, हिरवं, कडेला जांभळं. पोरगी क्लासला निघाली होती, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती टाकीसमोर बसली. बसली ती उठेचना. "मम्मी, तू केलंस हे?" मी म्हटलं, "थोडं लक्ष दिलं." तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि हसली. म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे गं मम्मी. माझ्याच नाहीये."

सबंध आयुष्यात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. फॉर्म दोन हातांवर होता, शुक्रवार पाच दिवसांवर. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, अण्णा. मला इतकं बरं वाटलं की मी हात काढून घेतला नाही.